भान शाबूत असताना



कळंबसारख्या तालुक्याच्या गावी इमामाकडे लोक निकाह-जनाज्यासाठी येतात, तसे घरातले गुंतेही घेऊन येतात. गेल्या पावसाळ्यात इशाच्या नमाजनंतर दोघे भाऊ मशिदीत थांबले. वडिलांना पक्षाघात होऊन वाचा गेली होती. माणसेही ओळखू येत नव्हती. प्रकृती ठणठणीत असताना त्यांनी थोरल्याच्या नावे रीतसर मुखत्यारपत्र करून दिले होते. त्याच्या आधारे थोरला वडिलांच्या खात्यातून दवाखान्याचा खर्च भागवू लागला आणि धाकट्याने हरकत घेतली. "हजरत, कागद तर आहे ना?" थोरला पुन्हा पुन्हा विचारीत होता.

कागद होता, पण त्यातील अधिकार वडिलांच्या भानाबरोबरच संपला होता. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम 201 नुसार, अधिकार देणाऱ्याची बुद्धी गेली की मुखत्यारी संपुष्टात येते. फिक्हमधील वकालतीचा नियमही तोच आहे: मुवक्किलाची अक्कल कायमची हरपली की वकील हा वकील राहत नाही. ज्या दिवसासाठी आपण कागद करून ठेवतो, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो, हे किती जणांना ठाऊक असते? त्यानंतर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाचे, म्हणजे आपल्या भागातून नागपूर खंडपीठाचे, दार ठोठवावे लागते.

काही माणसे इतक्या जीर्ण वयाला पोहोचविली जातात की सारे जाणल्यानंतर त्यांना काहीच कळेनासे होते, असे सूरह अन-नह्लच्या 70 व्या आयतीत सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) अशा वयापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत कर्जव्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. तेथेच, जो दुर्बल आहे किंवा स्वतः मजकूर सांगू शकत नाही त्याच्या वतीने त्याच्या वलीने न्यायाने सांगावे, अशी तरतूद आहे. तेव्हा पुढची व्यवस्था आधी लावणे म्हणजे तवक्कुल सोडणे, ही समजूत निराधार आहे.

प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजारातील दोन प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावेत, दोन्ही सहीह बुखारीत आहेत. आजार बळावला तेव्हा आपली शुश्रूषा ह. आयशा (रजि.) यांच्या घरी व्हावी, यासाठी त्यांनी आपल्या इतर पत्नींची परवानगी मागितली आणि सर्वांनी ती दिली. कोठे राहायचे, हे रुग्णाने स्वतः सांगितले आणि ज्यांचा हक्क होता त्यांना विचारूनच ठरविले. दुसरा प्रसंग औषधाचा. घरातील मंडळी त्यांच्या मुखात औषध ओतू लागली, तेव्हा त्यांनी खुणेने नको म्हटले. आजारी माणूस औषधाला कंटाळतोच, असे समजून ते ओतले गेले. सावध झाल्यावर त्यांनी जाब विचारला, आणि तेथे हजर असलेल्या सर्वांना तेच औषध पाजण्यास सांगितले, ह. अब्बास (रजि.) त्या वेळी तेथे नव्हते म्हणून तेवढे वगळले गेले. रुग्णाचा नकार हा नुसता चिडखोरपणा मानून बाजूला सारता येत नाही, हा बोध आम्ही मदरशात हा पाठ शिकताना फारसा घेतला नव्हता, हे कबूल करतो.

आज कायद्यानेही यासाठी वाट दिली आहे. 9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी त्याची रीत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्यांकडे जावे लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी. आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नाव त्यात असावे. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे आणि एक ग्रामपंचायत, नगरपंचायत वा नगरपालिकेच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यावी. मात्र शब्द जपून योजावेत. जीव घेणारी कृती हराम आहे, मग ती दयेपोटी का असेना. आशा उरलेली नसताना केवळ यंत्राच्या बळावर श्वास लांबविणे वाजिब नाही, असे अनेक उलमांचे मत आहे. अन्नपाणी आणि वेदनाशामक औषध थांबवू नये, हे मी स्वतः तर स्पष्ट लिहीन.

आता शुश्रूषेविषयी. ती बहुतेक घरांत सुनेच्या गळ्यात पडते. सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर शरीयतने फर्ज केलेली नाही. ते कर्तव्य मुलांचे आहे, मुलीही त्यात आल्या. सून करते तो तिचा एहसान आहे. सून वारस नसल्यामुळे तिच्या नावे एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत करता येते. आपल्याकडे हे कोणी करीत नाही. सेवा करणाऱ्या मुलाला मात्र वसीयतीने जादा देता येत नाही. तो वारस आहे, इतर वारसांची संमती लागते. हयातीत एकाच मुलाला देऊ म्हणाल, तर ह. नुमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांचा प्रसंग आठवावा: एकाच मुलाला दिलेल्या देणगीला साक्षी राहण्यास प्रेषितांनी (स.) नकार दिला होता.

राहते घर "सांभाळीन" या शब्दावर हिबा करून टाकणाऱ्यांना माझा सल्ला एकच: करू नका. हनफी फिक्हनुसार हिब्यातील अट निष्फळ ठरते, हिबा मात्र कायम राहतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली असे हस्तांतरण रद्द होऊ शकते. परंतु त्यासाठी न्यायाधिकरणापुढे पोटच्या मुलाविरुद्ध उभे राहावे लागते. घर आपल्या नावे असू द्या. वारसांचे हिस्से अल्लाहने ठरवूनच दिले आहेत.

त्या दोघा भावांना मी विचारले, "अब्बांचे झाले ते झाले, अम्मांना विचारले का?" अम्मांचे भान लख्ख आहे. दुसऱ्या दिवशी असरनंतर आम्ही त्यांच्यापाशी वही घेऊन बसलो. कोठे राहायचे, कोणत्या दवाखान्यात न्यायचे, ऑपरेशनला कोणी होकार द्यायचा, असे एकेक विचारायचे योजले होते. अम्मांनी हाताने थांबविले आणि म्हणाल्या, "पहले ये लिखो, मेरा महर अब तक बाकी है." महर हे पतीवरील कर्ज आहे, वारसांच्या वाटणीआधी ते फेडावे लागते. थोरल्याने वहीच्या पहिल्या ओळीवर ते लिहिले, आणि धाकट्याने खाली सही केली.