हेलिकॉप्टरच्या वऱ्हाडाला बॅग किती?

प्रश्न : पुतणीचं लग्न मे महिन्यात आहे. व्याह्यांनी पाठवणीसाठी हेलिकॉप्टर ठरवलंय. नवरा-नवरी, करवली आणि नवरदेवाचा धाकटा भाऊ असे चौघं त्यातून जाणार आहेत. कंपनीच्या माणसाने फोन करून प्रत्येकाचं वजन विचारलं, तेही अंगावरच्या कपड्यां-दागिन्यांसकट. शिवाय सांगितलं की कडक सूटकेस आणू नका, मऊ पिशवी आणा आणि तीही लहान. विमानात पंधरा किलोची बॅग बिनबोभाट जाते. मग एवढे पैसे मोजून अख्खं हेलिकॉप्टर घेतल्यावर एका सूटकेसची अडचण का व्हावी?
– एक वाचक, जि. अहिल्यानगर

उत्तर : अडचण जागेची कमी आणि वजनाची जास्त आहे. विमानकंपनी तुमचं वजन विचारत नाही, कारण दीड-पावणेदोनशे प्रवाशांत सरासरी धरली की काम भागतं. कोणी जाड, कोणी बारीक, शेवटी गोळाबेरीज जुळते. पाच माणसांच्या यंत्रात सरासरीवर भिस्त ठेवता येत नाही. तिथे एकटा धिप्पाड मामा सगळा हिशेब उलटवू शकतो. मुंबई हायच्या तेलफलाटांवर जुहूहून हेलिकॉप्टरने ये-जा करणाऱ्यांना याचं नवल वाटत नाही. चढण्याआधी बॅगेबरोबर आपणही काट्यावर उभं राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं.

हिशेब कसा चालतो ते एका लहान यंत्रावरून पाहू. रॉबिन्सन आर-४४ हे जगभर खासगी वापरात दिसणारं चार आसनी हेलिकॉप्टर. त्याच्या रेव्हन-२ या प्रकाराला उडताना जास्तीत जास्त ११३४ किलो वजन चालतं. नुसतं यंत्र सुमारे ६८३ किलोचं, टाक्या भरल्या की इंधन १२७ किलो. उरले ३२४ किलो. पायलट धरून चार माणसं बसली तर माणशी ८१ किलो येतात, आणि त्यातच कपडे, बूट, मोबाइल, पाण्याची बाटली, दागिने. चौघंही अंगापिंडाने भरलेले असतील तर सामानाच्या वाट्याला शून्य येतं. तुमच्यासाठी येणारं यंत्र बहुधा याहून मोठं, टर्बाइन इंजिनाचं असेल. आकडे वाढतील, वजाबाकी हीच राहील.

‘मग इंधन कमी भरा,’ असं कोणी म्हणेल. पायलट तेच करतो, पण त्याचीही किंमत असते. टर्बाइन हेलिकॉप्टरला लागणारं एटीएफ लिटरला सुमारे ८०० ग्रॅम भरतं. वीस किलोची सूटकेस चढवायची तर २५ लिटर इंधन उतरवावं लागेल. एका इंजिनाचं हलकं हेलिकॉप्टर तासाला साधारण दीडशे ते दोनशे लिटर पितं. म्हणजे एका सूटकेसपायी आठ-दहा मिनिटांचं उड्डाण गेलं. वाटेत वळीव आडवा आला, उतरायच्या मैदानात गर्दी घुसली, तर हीच मिनिटं हाताशी लागतात. कोणताही शहाणा पायलट ती तुमच्या शालूंच्या घड्यांसाठी देणार नाही.

त्यात तुमचा मुहूर्त मे महिन्यातला. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखा तेवढ्याच वेगाने फिरला तरी त्याला धरायला हवा कमी मिळते, इंजिनाचाही दम कमी पडतो. जागा उंच असेल तर आणखी वजावट. महाबळेश्वरच्या आसपास, म्हणजे साधारण १४०० मीटरवर, तीस अंश तापमानात हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाण घनतेपेक्षा सुमारे वीस टक्क्यांनी कमी भरते. त्यामुळे सकाळी सातला जे सामान बिनतक्रार गेलं असतं, ते दुपारी दोनला मागे राहू शकतं. पाठवणीची वेळ ठरवताना भटजींबरोबर पायलटलाही विचारलेलं बरं.

विरळ हवेत एकेका किलोची किंमत किती असते याचा सर्वांत टोकाचा दाखला एव्हरेस्टवर आहे. १४ मे २००५ रोजी दिदिए देल्साल या फ्रेंच वैमानिकाने युरोकॉप्टर एएस-३५० बी-३ हे हेलिकॉप्टर थेट शिखरावर टेकवलं. त्यासाठी प्रवाशांच्या खुर्च्यांसारख्या गरजेपलीकडच्या वस्तू काढून यंत्र सुमारे १२० किलोंनी हलकं केलं होतं.

वजन किती याइतकंच ते कुठे ठेवलंय हेही महत्त्वाचं. हेलिकॉप्टरचा सगळा भार वरच्या पंख्याच्या दांड्याला लटकलेला असतो. घरातल्या शिंकाळ्यासारखं समजा, मडकं जरा बाजूला सरकलं की सगळं तिकडे कलतं. पायलट हातातल्या दांड्याने हा कल सावरतो, पण तो दांडा कुठवर झुकेल यालाही हद्द आहे. म्हणून कोणी पुढे बसायचं, कोणी मागे, बॅग कोणत्या कप्प्यात जायची, हे तो ठरवतो आणि ‘लोड अँड ट्रिम शीट’वर मांडतो. ‘मला खिडकीच हवी’ हा हट्ट तिथे धरू नये. आयत्या वेळी हळूच एखादी पिशवी मागे कोंबणं तर मुळीच नको.

आता मऊ पिशवीचं कारण. आर-४४ला वेगळी डिकीच नाही, सामान खुर्च्यांखालच्या कप्प्यांत जातं आणि एका कप्प्याला सुमारे २३ किलोंची मर्यादा आहे. यंत्र जोरात आदळलं तर खुर्ची खाली दबावी आणि पाठीच्या कण्याला बसणारा धक्का तिने पचवावा, अशी ती रचना आहे. त्याच खुर्चीखाली कडक पेटी असेल तर खुर्ची दबणार कशी? म्हणून माणसाला इजा होईल अशी वस्तू तिथे ठेवू नये, असं निर्माताच बजावतो. बेल-४०७ सारख्या मोठ्या यंत्राला मागे वेगळा कप्पा असतो, पण तोही जेमतेम १६ घनफुटांचा आणि ११३ किलोंच्या मर्यादेचा. मऊ पिशव्या एकमेकींत दबून त्यात बसतात, चाकांची कडक बॅग दारातच अडते. शिवाय ती रिकामी असतानाच अडीच-तीन किलोची असते. चाकं आणि दांडा हवेत फिरवून आणण्यात काय अर्थ?

तेव्हा तुमच्यासाठी सल्ला सरळ आहे. रुखवत, आहेर, मिठाईचे डबे आणि मोठ्या बॅगा टेम्पोने किंवा गाडीने आदल्या दिवशीच पुढे पाठवा. नवरीच्या पिशवीत एक साधा ड्रेस, सपाट चपला, रोजची औषधं आणि सासरी पोचल्यावर पहिल्या दोन तासांत लागेल तेवढंच असू द्या. बॅग उशिरा आली तरी चालेल, रक्तदाबाची गोळी उशिरा येऊन चालत नाही. जरीचा शालू आणि दागिने मिळून दोन-तीन किलो सहज भरतात, म्हणून वजन त्या वेषातलंच कळवा.

प्रश्न : निघताना अक्षता, फुलांचा वर्षाव, रंगीत कागदाचे फटाके उडवले तर चालेल का?

उत्तर : पंखा फिरत असताना अजिबात नाही. पंख्याखालून सुटणारा वारा हलकी वस्तू उचलून वर फेकतो आणि ती पुन्हा पंख्यात किंवा इंजिनाच्या तोंडात ओढली जाऊ शकते. मैदानावर आधी पाणी मारून धूळ बसवतात तेही वाऱ्यापायीच. उपरणं, ओढणी, फेट्याचा शेमला, टोपी, रिकाम्या प्लास्टिक पिशव्या हे सगळं आवरून पिशवीत घाला किंवा घट्ट खोचा. ड्रोन आणि फुगे दूर ठेवा. वर्षाव मांडवातच उरका.

टोपी उडाली तर तिच्यामागे धावू नका. मागचा लहान पंखा वेगामुळे डोळ्यांना दिसतच नाही. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर एक सरकारी अधिकारी त्याच्याच आघाताने दगावले. जायचं ते पुढून, पायलटच्या नजरेसमोरून, वाकून आणि त्याने खूण केल्यावरच. छत्री, काठी, ट्रायपॉड अशी लांब वस्तू खांद्यावर न घेता कमरेखाली आडवी धरायची.

प्रश्न : खांद्याची पर्स आणि कॅमेरा मांडीवर ठेवता येतो का?

उत्तर : पायलटने होकार दिला तर. पुढच्या खुर्चीवर असाल तर लोंबणारा पट्टा हा खरा धोका. ११ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट नदीत दारं उघडी ठेवून छायाचित्रणासाठी निघालेलं एक हेलिकॉप्टर कोसळलं आणि पाचही प्रवासी बुडाले. पुढे बसलेल्या प्रवाशाच्या सुरक्षापट्ट्याचा दोर जमिनीलगतच्या इंधन बंद करण्याच्या दांडीत अडकला आणि इंजिन बंद पडलं, असं तपासात निघालं. म्हणून पर्सचा पट्टा गुंडाळून आत, कॅमेऱ्याचा गळ्यात आणि सेल्फी स्टिक घरी.

पॉवर बँक मात्र मागच्या कप्प्यात टाकू नका, जवळ ठेवा. लिथियम बॅटरी बिघडली तर पेट घेते आणि उडताना त्या कप्प्यापर्यंत कोणाचाच हात पोचत नाही. साधारणपणे शंभर वॉट-तासांपर्यंतची चालते. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते.

प्रश्न : केदारनाथला हेलिकॉप्टरने जाताना पूजेचं साहित्य इथूनच न्यावं म्हणतो. चालेल?

उत्तर : बेल, भस्म, रुद्राक्षाची माळ न्या. कापूर आणि सुकं खोबरं घरी ठेवा. धोकादायक मालाच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत दोघांनाही स्वतःचा क्रमांक आहे. कापूर २७१७ क्रमांकावर ज्वालाग्राही पदार्थांत आहे. खोबरं १३६३ क्रमांकावर, आपोआप तापून पेटू शकणाऱ्या पदार्थांत. देवघरातल्या वाटीभर खोबऱ्याबद्दल हे ऐकून हसू येईल, पण तेलकट खोबऱ्याच्या साठ्याला ऊब आणि दमटपणा मिळाला की ते आतल्या आत तापत जातं. काडेपेटी आणि गॅसची लहान टाकीही नको.

वजनाच्या बाबतीत केदारनाथ लग्नाच्या वऱ्हाडाहून कडक आहे. मंदिर सुमारे ३५८० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ एक-तृतीयांशाने विरळ आहे. म्हणूनच फाटा, सेरसी, गुप्तकाशीहून सुटणाऱ्या फेऱ्यांत माणशी दोनेक किलोंचीच पिशवी चालते. त्या दोन किलोंत पहिला मान गरम कपड्यांचा, रेनकोटाचा आणि औषधांचा. हवा बिघडली की फेऱ्या थांबतात आणि वर मुक्काम पडू शकतो. स्वेटर खालच्या हॉटेलात आणि आपण वर, अशी पाळी येऊ देऊ नका. जाड जाकीट अंगावर घातलं म्हणजे ते वजनातून सुटलं, असंही समजू नका. काटा दोन्हींना मोजतो.

प्रश्न : निवडणुकीत नेत्यांच्या हेलिकॉप्टरमधल्या बॅगा तपासतात. एवढ्याशा पिशवीत असणार तरी काय?

उत्तर : शेतात किंवा शाळेच्या मैदानात आखलेल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर विमानतळासारखी सामानाची यंत्रं नसतात. म्हणून आचारसंहितेच्या काळात निवडणूक यंत्रणेची पथकं तिथे जाऊन रोकड, दारू, भेटवस्तू शोधतात. नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीत वणीला उद्धव ठाकरे यांची बॅग तपासली गेली तेव्हा वाद रंगला. पुढे हिंगोलीत अमित शहा यांच्या सामानाचीही तपासणी झाली. पैशालाही वजन असतं, हे मात्र खरं. पाचशेची एक नोट एका ग्रॅमहून थोडी जास्त भरते. त्यामुळे एक कोटी रुपये वीस किलोंच्या वर जातात, म्हणजे वर सांगितलेली ती आठ-दहा मिनिटं.

प्रश्न : वजन चार-पाच किलो कमी सांगितलं तर कुणाला कळणार आहे?

उत्तर : पायलटला, निघताक्षणी. चौघांनी पाच-पाच किलो लपवले की वीस किलो झाले. हेलिकॉप्टर थेट आकाशात झेपावत नाही. आधी ते जमिनीपासून चार-पाच फुटांवर तरंगत ठेवून इंजिनाला किती जोर लावावा लागतोय ते पायलट काट्यावर पाहतो. कागदावरच्या वजनापेक्षा जोर जास्त लागला की तो यंत्र खाली टेकवतो आणि कोणाला तरी किंवा कशाला तरी उतरवतो. हे सगळं मैदानात जमलेल्या दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर घडतं, शंभरेक मोबाइलचे कॅमेरे रोखलेले असताना. त्यापेक्षा फोनवर एकदाच खरा आकडा सांगा. तो फक्त त्या माणसाच्या वहीत राहील.