गीतकार व्हायचंय? सही जपून करा

वेंगुर्ल्याने मराठी गाण्याला वर्षभराच्या अंतराने दोन माणसं दिली. १० मार्च १९२९ रोजी मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले; ८ मार्च १९३० रोजी जवळच्याच बागलांच्या राईत चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू. दोघांपैकी कुणीच गायक नव्हतं. ‘शुक्रतारा’ म्हटलं की अरुण दाते यांचा आवाज नि श्रीनिवास खळे यांची चाल कानात येते. ‘ये रे घना’ म्हटलं की आशा भोसले आणि हृदयनाथ मंगेशकर. शब्द लिहिणाऱ्याचं नाव सांगावं लागतं. हे ज्याला मनापासून चालतं, त्यानेच या वाटेला यावं.

“गाणी लिवन पोट भरतला काय?” हा घरातला प्रश्न मात्र रास्त आहे.

खानोलकरांनी कुडाळात खानावळ चालवली, १९५९ मध्ये मुंबई गाठली, काही काळ आकाशवाणीत काढला. पाडगावकरही मुंबई आकाशवाणीत नोकरीला होते. जगदीश खेबुडकर शिक्षक होते, शान्ता शेळके मराठीच्या प्राध्यापक, तर शैलेंद्र रेल्वेच्या वर्कशॉपमधून चित्रपटांत आले. म्हणजे आपल्या उत्तम गीतकारांपैकी कितीतरी जणांचं घर आधी पगारावर चाललं. आईवडिलांनी यातून घ्यायचं ते एवढंच: मुलाची वही हिसकावू नका आणि मुलाने पदवी अर्धवट सोडू नये. मालवणच्या स. का. पाटील महाविद्यालयात असो की वेंगुर्ल्याच्या खर्डेकर महाविद्यालयात, पदवी घेता घेता लिहिता येतं.

लिहिण्याची तालीम तर सिंधुदुर्गात दारातच मिळते. डबलबारी भजन ऐकायला रात्रभर बसणाऱ्या मुलांना ते ठाऊक नसतं, एवढंच. दोन बुवा समोरासमोर बसतात, गाजलेल्या चित्रपटगीताची चाल घेतात आणि तिच्यात विठ्ठलाचे किंवा गणपतीचे नवे शब्द बसवतात. ते शब्द कुणीतरी लिहिलेले असतात. एक मात्रा जास्त झाली तर पखवाजवाला तिथेच मान हलवतो. दशावतारात तर लिखित संहिताच नसते. संवाद जागच्या जागी सुचावे लागतात. इतकी कडक शाळा शहरातल्या मुलांना सहसा मिळत नाही.

स्टुडिओतलं कामही याच जातीचं. संगीतकार बहुतेकदा चाल आधी पाठवतो. तिच्यात ‘ना ना’ किंवा निरर्थक डमी बोल असतात. गीतकाराने त्याच मीटरमध्ये मुखडा आणि अंतरे बसवायचे. जिथे गायक सूर लांबवणार, तिथे ‘आकाश’ चालतं, कारण ‘आ’वर आवाज मोकळा फिरतो, त्याच जागी ‘नक्षत्र’ घातलं की गळा अडखळतो. मुखडा नापसंत झाला, तर उद्यापर्यंत दुसरा द्यावा लागतो. गदिमांनी १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्यामागून आठवडा दिली. सुचेल तेव्हाच लिहिणाऱ्याचं हे काम नव्हे.

आता पैशाचं. पूर्वी गाण्याचे एकरकमी पैसे मिळायचे आणि हक्क कंपनीकडे जायचे. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेरही झगडले. आता चित्रपटाचं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं की, रेडिओवर, टीव्हीवर, मोबाइलवर, त्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकारांचा कंपनीच्या बरोबरीने वाटा असतो. हा वाटा वारसांना किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो, इतर कुणाला लिहून दिला तरी तो करार कायद्यात टिकत नाही. वसुली करणारी संस्था म्हणजे १९६९ पासूनची इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, आयपीआरएस. संस्थेचं सभासदत्व न घेणाऱ्यापर्यंत हे पैसे पोहोचणं अवघड.

हक्क किती काळ टिकतो? हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. खानोलकर १९७६ मध्ये गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत जिवंत आहे. शेतजमिनीचा सातबारा जपणाऱ्या कोकणी माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणून पालकांनो, मुलाचं पहिलं गाणं कुणी मागितलं, तर हुरळून जाऊन कोऱ्या कागदावर सही करू देऊ नका. करार ओळखीच्या वकिलाला दाखवा, गाण्याखाली गीतकार म्हणून त्याचंच नाव छापलं जाईल हे लेखी घ्या आणि गाणं प्रसिद्ध होताच आयपीआरएसचा अर्ज त्याच्याबरोबर बसून भरा.