किल्लारीची गोष्ट कोणी सांगावी?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी नांदेड, हिंगोली, परभणी भागात जमीन हादरली. माणसे घराबाहेर पळाली. आपल्याकडे असे झाले की किल्लारीचे नाव निघतेच.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. (उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात.) हजारो माणसे गेली. ती जमिनीने मारली नाहीत, घराने मारली. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. गळते म्हणून माळवदावर माती टाकायची. ओझे वाढतच जायचे. भिंतीचे आतले नि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हादऱ्याने भिंत फुटली, माळवद खाली आले.

हेच इंजिनिअर नकाशा काढून सांगतो. आपण मान डोलावतो आणि घरी येऊन पुन्हा माती टाकतो. पण ढिगाऱ्यातून निघालेली बाई सांगू लागली की माणूस आपल्या आढ्याकडे बघतो. पुढे घरांच्या मजबुतीचे काम निघाले, तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्या बायांनाच 'संवाद सहायक' केले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला. तेव्हा इकडच्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण दुःख ओळखीचे होते.

मात्र गोष्ट तिची आहे, सभेची नव्हे. आधी तिला विचारावे. एकटीला विचारावे, चार माणसांत नको. चार माणसांत 'नाही' म्हणणे जड जाते. नाही म्हणाली तर कारण मागू नये. हो म्हणाली, नि आयत्या वेळी मागे फिरली, तरी रागावू नये. काय सांगायचे, काय गाळायचे, ते तिनेच ठरवावे. भिंत कशी पडली एवढेच सांगितले, तरी पुष्कळ झाले. गेलेल्या लेकराचे नाव कशाला काढायला लावता?

आणि तो मोबाइल! सभेला होकार म्हणजे फोटोला होकार नव्हे. एकदा गावाबाहेर गेलेले चित्र परत बोलावता येत नाही.

ऐकणाऱ्यांनीही काही करावे. आपले माळवद तपासावे, भिंत कुठे फुगली आहे का ते पाहावे. नाहीतर त्या बाईला फुकट रडवले, असेच आम्ही म्हणू. सभा उठली की कोणीतरी तिला घरापर्यंत सोबत करावी. त्या रात्री तिला झोप लागेलच असे नाही.