लॅपटॉपची बिघडलेली स्मरणशक्ती

हाताने लेजर लिहिण्याच्या काळात बँकेत रुजू झालेल्या मंडळींना एक युक्ती ठाऊक असते. तेरीज जुळेना, की फरकाला प्रथम नऊने भागून पाहायचे. निःशेष भाग गेला, तर कोठेतरी ५४ च्या जागी ४५ लिहिले गेल्याचा संभव मोठा. फरक सम असेल, तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. ती बहुधा नावेऐवजी जमेकडे गेलेली असे. सगळ्या वह्या पहिल्या पानापासून तपासण्याची गरज क्वचितच पडे. चुकीचे स्वरूपच चुकीचा पत्ता सांगत असे. लॅपटॉप जेव्हा अधूनमधून, कोणत्याही ठराविक कारणावाचून बंद पडू लागतो, तेव्हा हीच दृष्टी उपयोगी पडते, हे एका अनुभवावरून सांगावयाचे आहे.

बंगळूरच्या आग्नेयेस होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे मूळचे इचलकरंजीचे एक गृहस्थ यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना चालवतात. बँकेच्या संगणक विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे परिचित मंडळी असले ‘रोगी’ माझ्याकडे घेऊन येतात. २०२५ च्या नोव्हेंबरात हे गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन आले. त्यात कारखान्याचे सारे हिशेब, मालसाठा आणि वस्तू व सेवा कराची बिले होती. महिनाभर तो दिवसातून एकदोनदा मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होत होता. एका दुरुस्तीवाल्याने ‘विंडोज १० चा पाठिंबा ऑक्टोबरात संपला, म्हणून असे होते’ असे सांगून विंडोज ११ घालून दिले. दुरुस्तीच्या दुसऱ्या ठिकाणी चांगली हार्ड डिस्क बदलली गेली. दोन्ही वेळा पैसे गेले, दोन्ही वेळा चारपाच दिवस बरे गेले आणि दुखणे परत आले.

‘दादा, आता नवीनच घेतो. पण वर्षअखेरीचे विवरण तोंडावर आहे, हिशेब तेवढे शाबूत राहिले पाहिजेत,’ असे ते म्हणाले. प्रश्न यंत्राच्या किमतीचा नव्हता, आतल्या नोंदींचा होता.

लॅपटॉप बंद कसा पडतो, हे पाहणे ही पहिली पायरी. पडद्यावर काहीही न उमटता दिवा विझावा तसा तो बंद होत असेल, तर संशय उष्णतेवर, बॅटरीवर किंवा चार्जरवर घ्यावा. सारे थिजून डिस्कचा दिवा एकसारखा जळत राहिला, तर डिस्कवर. विंडोजचा तो प्रसिद्ध निळा पडदा (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये तो काळा झाला आहे) दिसत असेल, तर त्यावरील शब्द उतरवून घ्यावेत. प्रत्येक वेळी तोच संदेश आणि तोच ड्रायव्हर येत असल्यास तो ड्रायव्हर काढून पाहावा. पण आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा आणखी तिसरेच, आणि तेही कधी ब्राउझर उघडताना तर कधी नुसते बिल छापताना, असे असेल तर रॅमकडे वळावे. बदलते लक्षण हेच येथे लक्षण. दुसरी खूण म्हणजे डाउनलोड केलेली झिप फाईल एकदा उघडत नाही आणि पुन्हा प्रयत्न करता उघडते.

आमच्या गृहस्थांनी एकही संदेश टिपला नव्हता. परंतु विंडोजमधील ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ या तक्त्यात दिवसवार नोंदी राहतात. विंडोज नव्याने घातल्यानंतरच्या नोंदी तेथे होत्या आणि त्यांत चार निरनिराळे संदेश सापडले. एक सावधगिरी सांगून ठेवतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ अशी नोंद दिसली की अनेकजण पॉवर हा शब्द वाचून चार्जर बदलतात. यंत्र रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती नोंद सांगते. कारण सांगत नाही.

रॅम विसरते म्हणजे काय

आज वापरात असलेल्या रॅमची मूळ कल्पना आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. एका सूक्ष्म विद्युतसाठ्यात भार आहे किंवा नाही, यावर एक किंवा शून्य ठरवायचे, एवढी ती सोपी आहे. मात्र हा साठा गळका असतो. म्हणून प्रत्येक घर साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावे लागते. ८ जीबीच्या पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी घरे असतात. त्यांतील एखादे नेहमीपेक्षा अधिक गळू लागले, तर पुढील भरणीची वेळ येण्याआधीच एकाचे शून्य होते. उष्णतेने गळती वाढते. ८५ अंश सेल्सिअसच्या वर तर भरणी दुप्पट वेगाने करावी लागते. सकाळी शहाण्यासारखा चालणारा लॅपटॉप दुपारी का वेडावतो, याचे एक उत्तर येथे आहे.

याखेरीज बाहेरून येणारे आघातही असतात. बेल्जियममध्ये १८ मे २००३ च्या निवडणुकीत स्कारबेक येथे एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त पडली. पक्षाला मिळणे शक्य होते त्यापेक्षा हा आकडा मोठा निघाला, म्हणून चूक ध्यानात आली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात मेमरीतील एकच घर उलटले होते. अंतराळातून येणाऱ्या कणामुळे तसे घडले असावे, असा तर्क झाला. सिद्ध कधी झाले नाही. आपल्या नऊच्या युक्तीचा हा थेट भाऊबंद म्हणता येईल: माणसाच्या हातून अंक उलटसुलट झाले तर फरकाला नऊने भाग जातो, पूर्णांकातील एक घर उलटले तर फरक दोनाच्या घाताइतका येतो. २५० च्या जागी १६,६३४ दिसले, तर फरक १६,३८४, म्हणजे दोनाचा चौदावा घात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे निरनिराळ्या रीतींनी साठवलेले असल्यामुळे हा फरक नेहमी इतका उघड दिसत नाही, हे खरे.

परंतु अंतराळातील कण हा सहसा शेवटचा आरोपी धरावा. गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या सहकार्याने झालेला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये किमान एक चूक आढळली आणि बहुतेक चुका क्षणिक नसून पट्टीतील कायमच्या दोषामुळे होणाऱ्या होत्या, असा त्याचा निष्कर्ष होता. तीच पट्टी पुन्हा चुकणार असेल, तर ती शोधून काढता येते.

सर्व्हरमध्ये अशी चूक झाली तर ती बहुधा जागच्या जागी सुधारली जाते. दर ६४ घरांमागे ८ घरे पडताळणीसाठी ठेवलेली असतात. एक चूक दुरुस्त होते, दोन झाल्या तर निदान कळतात. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये ही पद्धत मांडली. शनिवार-रविवारी लावलेली त्यांची गणिते यंत्र चूक दिसताच अर्धवट सोडून देई, त्या वैतागातून ती जन्मली. बँकांच्या कामासाठी वापरले जाणारे सर्व्हर अशा रॅमचेच असतात. सामान्य लॅपटॉपमध्ये मात्र ही सोय नसते. डीडीआर ५ रॅममध्ये चिपच्या पोटात थोडी दुरुस्ती होते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवरील चूक तिला दिसत नाही.

आधी नोंदी, मग यंत्र

म्हणूनच यंत्र बंद पडणे हा सौम्य परिणाम समजावा. बंद न पडता चुकीची नोंद मुकाट्याने डिस्कवर लिहिली जाणे अधिक वाईट. संशय येताच त्या लॅपटॉपवर नवे काम थांबवावे. बॅकअप घ्यायचा तर जुन्या चांगल्या बॅकअपवर लिहू नये. सदोष रॅममधून जाणारी प्रतही सदोष निघू शकते. शक्य असल्यास डिस्क काढून दुसऱ्या संगणकास जोडावी आणि तेथे प्रत करावी. आम्ही तसेच केले.

त्यानंतर चाचणी. विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ हा कार्यक्रम असतोच. चालू असताना एफ १ दाबून त्यातील विस्तृत चाचणी निवडता येते. ती आम्ही सकाळी लावली. निकाल: दोष नाही. येथेच अनेकजण फसतात. चाचणीत चूक सापडली तर रॅमच्या मार्गात दोष आहे हे नक्की. सापडली नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. यंत्र थंड होते आणि फेरी एकच झाली होती. त्या रात्री पेन ड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ लावला आणि लॅपटॉप त्यांच्या कारखान्यातल्याप्रमाणे फायलीवर ठेवला, म्हणजे खालच्या झरोक्यांची हवा कोंडावी. हा कार्यक्रम विनामूल्य असून विंडोज सुरू न करता चालतो. तो सुरू होण्यासाठी काही लॅपटॉपांत ‘सिक्युअर बूट’ बंद करावे लागते. तसे केल्यास बिटलॉकर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ती हाताशी असल्याखेरीज त्या बटणाला हात लावू नये. अन्यथा रॅमचा दोष शोधता शोधता सारी डिस्कच कुलूपबंद व्हायची!

पहाटे पाहिले तर दोन फेऱ्या निर्मळ आणि तिसरीत सहा लाल ओळी. या चाचणीत ‘थोडी चूक’ असा वर्ग नाही. एक ओळ आली तरी नापास.

तरीही नवी पट्टी विकत घेण्याची वेळ अजून आली नव्हती. लॅपटॉपमध्ये ८ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या: एक मूळची, दुसरी वर्षभरापूर्वी वाढवलेली. दोष पट्टीत असेल, तिच्या स्लॉटमध्ये असेल किंवा दोन पट्ट्यांच्या न जुळण्यातही असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा नियम धरला. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, आतील बॅटरीची जोडणी सोडवली, अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून धातूला हात लावला. पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या दूर केल्या की ती तिरकी वर येते. तशीच तिरकी आत सरकवून खाली दाबायची असते. सोनेरी टोके खोडरबराने घासण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेले, सूत न सुटणारे कापड बरे. पुष्कळदा पट्टी काढून नीट बसवल्यानेच दोष जातो, त्यामुळे आधी तेवढेच करून एक रात्र चाचणी घेतली. चुका पुन्हा आल्या.

पुढे चार रात्री लागल्या. मूळची पट्टी एकटी पहिल्या स्लॉटमध्ये: निर्दोष. तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये: निर्दोष. वाढवलेली पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये: चुका. तीच पहिल्या स्लॉटमध्ये: चुका. दोष पट्टीबरोबर फिरला, स्लॉटबरोबर राहिला नाही. उलट घडले असते, तर मदरबोर्डचा खर्च आला असता. दोन्ही पट्ट्या एकेकट्या निर्दोष आणि एकत्र सदोष निघत्या, तर त्या एकमेकींना न मानवणाऱ्या ठरल्या असत्या. तेव्हा बायॉस अद्ययावत करणे किंवा सारख्या जातीची जोडी घालणे, हा उपाय. हल्लीच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते. तेथे ही अदलाबदल शक्य नाही. मुदत शिल्लक असेल तर वॉरंटीखाली बोर्ड बदलून मागावा. आणि लॅपटॉप कार्यालयाचा असेल, तर तो उघडू नये, संगणक विभागाकडे द्यावा, हे कर्मचारी बंधुभगिनींना वेगळे सांगायला नको.

या चार रात्रींनी पैसे वाचवले. २०२५ च्या उत्तरार्धात जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव चढले होते. गृहस्थ नव्या यलो लाइन मेट्रोने बोम्मसंद्र्याहून आर. व्ही. रोडला आणि तेथून गाडी बदलून चिकपेटेला, एस. पी. रोडच्या संगणकबाजारात गेले. दुकानदाराने दोन्ही पट्ट्या बदलण्याचा सल्ला दिला. यांनी खिशातून चार रात्रींचा कागद काढून दाखवला आणि एकच घेतली. जुन्या पट्टीवरचे लेबल शाबूत असल्याने ती वॉरंटीत बदलून मिळण्यासाठीही देता आली. नवी पट्टी बसवल्यावर पुन्हा एक रात्र चाचणी घेतली, तेव्हा कोठे विंडोज सुरू केले.

राहिले हिशेब. त्या महिन्यात घेतलेल्या सात झिप बॅकअपांपैकी दोन उघडलेच नाहीत. बाकीचे पाच उघडले, पण उघडतो म्हणजे बरोबर आहे असे धरता येईना. म्हणून दुखणे सुरू होण्यापूर्वीची प्रत आधारास घेऊन बँकेच्या खातेउताऱ्याशी ओळीने ओळ ताडून पाहिली. एका पुरवठादाराच्या खात्यात तफावत निघाली. फरकाला नऊने भाग जात नव्हता, निम्म्या रकमेची नोंदही सापडेना. त्यांनी कागदी बिलांचा गठ्ठा सोडला आणि अकरा दिवसांच्या नोंदी नव्याने करायला घेतल्या. पत्नी बिले वाचून दाखवीत होत्या, ते आकडे भरत होते.