शाफ्टला चिंध्या गुंडाळल्या जातात, काय करावे?

प्रश्न : मी मीरा-भाईंदरमधल्या एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ऑपरेटर आहे. जाळीवर अडकलेला कचरा नेणारा स्क्रू कन्व्हेयर पावसाळ्यात सारखा जाम होतो. मोठी मोटर बसवावी का?

उत्तर : मुळीच नको. केस, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्या मधल्या शाफ्टला आणि टांगत्या बेअरिंगला वेढे घालतात; जोर वाढवला तर पीळ आणखी घट्ट बसेल. इथे बिनशाफ्टचाच स्क्रू हवा. त्यात जाड पोलादी पट्टीचा, स्प्रिंगसारखा नुसता पीळ असतो. गिअरबॉक्स एका टोकाला. मध्ये बेअरिंग नाही. हा पीळ पन्हळीतल्या प्लॅस्टिकच्या अस्तरावर टेकून सावकाश फिरतो, त्यामुळे चिंधीला गुंडाळायला मध्ये काही उरतच नाही.

अस्तर मात्र झिजणारच. दोन रंगांच्या थरांचे मागवा. खालचा रंग दिसला की लगेच बदला, नाहीतर पोलाद पोलादावर घासून पन्हळच कापली जाते. रेती जास्त येत असेल तर अस्तर फार लवकर संपते, तिची सोय आधी करा. चढ शक्यतो ३० अंशांच्या आत ठेवा.

आणि कृपा करून, झाकण उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा. किल्ली तुमच्याच खिशात हवी.