चालत्या गाभ्याची दुरुस्ती

आपल्या गुंजी स्थानकाजवळ रूळ दुरुस्त करतात ते दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. संगणकाच्या प्रणालीचा गाभा मात्र क्षणभरही विसावत नाही. तरी तो चालू असतानाच सुधारण्याची सोय लिनक्समध्ये २०१५ साली आली.

गाभ्याच्या आज्ञा स्मृतीच्या पानांवर असतात. एक पान बहुधा ४,०९६ बाइटांचे. ती वाचावी, पाळावी, पण त्यांवर लिहू नये, असा निर्बंध असतो. एरवी घुसखोर तेथे आपली आज्ञा बसवील. मग सदोष भागाच्या तोंडाशी नव्या भागाकडे वळविणारी आज्ञा लिहावी कशी? पान सर्वांनाच खुले करणे आम्हांस अविचाराचे वाटते. २०१९ पासून एक्स८६ यंत्रांवर लिनक्स त्या पानाला दुसरा, लेखनक्षम पत्ता देते. तो लिहिणाऱ्या प्रक्रियकापुरताच असतो आणि काम होताच मोडला जातो. पहिल्या बाइटावर आधी थांब्याची खूण ठेवतात, मग उरलेले बाइट बदलतात, पहिला सर्वांत शेवटी. त्यामुळे अर्धवट आज्ञा कोणत्याही प्रक्रियकाच्या हाती लागत नाही.