बुरशीवरचा पहारा

डब्यात राहिलेल्या भाकरीवर बुरशी येते, हे आपण नेहमी पाहतो. पण निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही एक बुरशी निमूटपणे राहत असते असे सांगितले, की रुग्ण दचकतात. तिचे नाव कॅन्डिडा. पाव फुगवणाऱ्या यीस्टची ही नात्यातलीच.

गोल दाण्याच्या रूपात ती सहसा निरुपद्रवी असते. पण तिला धाग्यासारखे कोंब फुटले, की ते नाजूक अस्तरात घुसतात आणि विषारी द्रव्य सोडतात. अशा वेळी प्रतिद्रव्ये, म्हणजेच अँटिबॉडीज, कामी येतात. आतड्याच्या अस्तरातून 'आयजीए' नावाचे प्रतिद्रव्य पाझरत असते. ते मुख्यतः या धाग्यांनाच चिकटते, असे अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवले. म्हणजे भाडेकरूला हाकलायचे नाही, फक्त भिंत फोडू द्यायची नाही!

रक्तातील 'आयजीजी' हे प्रतिद्रव्य बुरशीला चिकटून पांढऱ्या पेशींना तिची ओळख पटवते. मारण्याचे काम मात्र पेशींचेच. म्हणून एड्सच्या रुग्णात प्रतिद्रव्ये असूनही, 'टी' पेशी घटल्यामुळे जिभेवर पांढरा थर साचतो. कॅन्डिडाची प्रतिद्रव्ये निरोगी माणसांतही सापडतात. तेव्हा नुसत्या त्या तपासणीचा कागद 'पॉझिटिव्ह' आला म्हणून घाबरू नये. त्यावर पैसे घालवण्यापेक्षा रक्तातील साखर तपासावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण मधुमेहात हा पहारा ढिला पडतो. पांढऱ्या पेशी मंदावतात आणि वाढलेली साखर बुरशीला आयते खाद्य पुरवते. योनिमार्गाची खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव भगिनी लाजेपोटी महिनोन्‌महिने अंगावर काढतात. वारंवार असा त्रास होणाऱ्या काही जणींना मधुमेह असल्याचे माझ्या दवाखान्यातच प्रथम कळले. पुरुषांच्या शिश्नाग्रावरची खाज आणि चिरा यांमागेही हेच कारण असू शकते. केवळ मलम लावून साखर उतरत नाही.

साध्या सर्दीसाठी मेडिकल दुकानातून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. त्याने बुरशीला आवर घालणारे उपयोगी जंतू मरतात. दम्यासाठी स्टेरॉईडचा पंप ओढणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पाण्याने खळखळून चूळ भरून थुंकावी. कवळी रात्री काढून, घासून स्वच्छ करून ठेवावी. आणि तोंडातल्या पांढऱ्या थरासोबत अन्न गिळताना दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.